कावळ्यासाठी कोर्चुला

हेन्डरसन

आमच्या ऑकलंडात कावळा नाही. साळुंक्या आहेत, चिमण्या आहेत, समुद्रावरून येणारे पांढरे सीगल आहेत. टुई नावाचा एक काळा पक्षी आहे, तो गळ्याला पांढरा गोंडा लावून गातो. पण कावळा नाही. इतकी वर्षं इथल्या हेन्डरसन उपनगरात राहिलो आणि ही गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती. शालन गेली तेव्हा आली.

शालन माझी बायको. ती गेली तेव्हा इथे लॉकडाउन होता. दवाखान्यात पेशंटजवळ एकालाच सोडत होते. मनू, आमची मुलगी, नर्स आहे. डॉक्टर काय बोलतात ते तिला कळतं, म्हणून ती आत गेली आणि मी बाहेर गाडीत बसलो. केलं ते बरोबरच केलं. तरी मी गाडीत होतो ते होतोच.

दहाव्याला भटजी पुण्याहून फोनवर. मागच्या अंगणात पिंड ठेवला आणि आम्ही सगळे तोंड वर करून उभे. साळुंक्या आल्या, भात विस्कटून गेल्या. भटजी म्हणाले, "हरकत नाही, दर्भाचा कावळा करून शिववा." दर्भ कुठला आणायचा? जावयानं लॉनमधलं गवत उपटलं आणि मोबाइलवर बघून एक कावळा वळला. बिचाऱ्यानं मन लावून वळला, पण तो कावळा कमी आणि कुंचा जास्त दिसत होता. तो पिंडाला टेकवला, भटजी म्हणाले झालं, आणि मंडळी आत जाऊन जेवायला बसली.

मी बसलो नाही. आमच्याकडे रीत अशी, की कावळा शिवेपर्यंत घरच्यांनी पान मांडून बसायचं नाही. गेलेल्या माणसाची इच्छा काही राहिली असली की कावळा घुटमळतो. मग जवळचं कोणी पुढे होऊन सांगतं, तुझं हे मी बघीन, काळजी करू नको. मग तो शिवतो. मी सातवी शिकलेला माणूस. पिंपरीत लेथवर जन्म गेला. यातलं खरं किती आणि खोटं किती ते मला विचारू नका. लॉनच्या गवतानं माझं समाधान झालं नाही, एवढंच मला माहीत आहे. तिला काय हवं होतं, हे विचारायचं राहून गेलं होतं.

तेव्हापासून मी उभ्यानं खायला लागलो. सिंकपाशी, ताटली हातात घेऊन. ठरवून नाही, पण खुर्चीत बसायला गेलो की घास उतरायचा नाही.

मनू म्हणायची, "अण्णा, बसून खा ना. रोजचा काय बुफे लावलाय?"

"बसतो गं."

माझी नात इरा. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत देते. तिनं एकदा सांगितलं, "आजोबा, द चेअर्स आर फ्री." तिच्या आईनं डोळे वटारले. मला मात्र हसू आलं.

आमच्या शेजारी टोनी राहतो. ऐंशीच्या पुढचा, सडाफटिंग. म्हणतो, लग्न मी द्राक्षांशी केलं. मूळचा कोर्चुला बेटाचा. भूमध्य समुद्राची एक बाही इटलीच्या पलीकडून वर जाते, तिच्यात ही बेटं आहेत, क्रोएशिया देशाची. पोरगेलेसा असताना मामाच्या मळ्यात काम करायला तो हेन्डरसनला आला. इथे पूर्वी सगळे द्राक्षांचे मळेच होते, आणि ते लावणारी माणसं बरीचशी त्याच्याकडचीच. आता मळ्यांच्या जागी आमच्यासारख्यांची घरं आहेत. शालन कुंपणावरून त्याला मेथीची भाजी द्यायची, तो तिला अंजिरं द्यायचा. तिची लसणाची चटणी तो ब्रेडला लोण्यासारखी फासायचा आणि नाक पुसत खायचा.

त्याची बहीण बेटावर असते. तिला भेटायला जायचं ठरलं आणि जग बंद झालं. बॉर्डर उघडल्या तेव्हा त्याचे गुडघे बंद पडले होते. मला तो मेट म्हणतो, म्हणजे दोस्त. एक दिवस कुंपणापाशी म्हणाला, "मेट, माझ्याबरोबर चल. बॅग उचलायला कोणीतरी पाहिजे."

"मी काय हमाल आहे?"

"हमाल बरा. तो एवढी तोंडं वाकडी करत नाही."

नाही म्हणून मी आत वळलोच होतो. जाता जाता सहज विचारलं, "तुझ्या बेटावर कावळे आहेत का रे?"

"कावळे? हीप्स! ढिगानं आहेत. माझ्या बहिणीची निम्मी द्राक्षं तेच खातात."

"येतो," म्हटलं.

मनू म्हणाली, "अण्णा, कावळाच हवा असेल तर भारतात जाऊ. नाशिकला जाऊन नीट करू सगळं."

भारतात जायचं म्हणजे पिंपरीच्या चाळीत प्रत्येक दारात उभं राहून सांगायचं, कशी गेली, काय झालं होतं, तुम्ही जवळ होता का. ते मला जमणार नव्हतं. जिथे शालनला कोणी ओळखत नाही अशा ठिकाणी मला जायचं होतं. मनूला एवढं सांगितलं नाही. म्हटलं, "टोनीचे गुडघे गेलेत." ती समजायचं ते समजली. पितृपक्षाच्या दिवसांत आम्ही तिथे पोचणार होतो. तिनं बॅगेत आंबेमोहोर तांदूळ आणि काळ्या तिळांची पुडी ठेवली, आणि मास्कचा एक गठ्ठा.

स्प्लिट

विमानाचं काय सांगायचं? चढलो आणि उतरलो. मधे कोणी खोकलं की सगळं विमान मान वळवून बघायचं.

स्प्लिट हे त्यांचं मोठं बंदर. तिथल्या विमानतळावर माझी फजिती झाली. ऑकलंडला परतताना बॅगेत सफरचंद जरी राहिलं तरी दंड होतो, तांदूळ-तीळ म्हणजे तर विचारूच नका. त्या शिस्तीची सवय अंगात मुरलेली. तिथे कोणी काही विचारायच्या आत मी टेबलावर दोन्ही पुड्या उघडून उभा राहिलो. वर्दीतल्या माणसानं तिळात बोट घालून बघितलं, माझ्याकडे बघितलं, टोनीला त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं आणि हसत हसत हात हलवला.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, तुमच्या म्हाताऱ्याला सांग, आमच्या देशातसुद्धा जेवायला मिळतं."

बंदरावर माणसांची झुंबड. दोन वर्षं आत बसलेली माणसं जशी वागतील तशीच वागत होती. मोठ्यानं हसत होती, एकमेकांच्या गालांचे मुके घेत होती, भर उन्हात कॉफीचा एकच कप पुढ्यात घेऊन सुटलेल्या बैलासारखी निवांत पसरली होती. फरशीवर लांब उभे राहा म्हणून चिकटवलेली गोल चित्रं होती, ती चपलांनी घासून अर्धी निघालेली. बोटीत दर दोन खुर्च्यांमागे एकीला पट्टी मारलेली. त्या पट्ट्यांवर लोक खुशाल बसले होते.

तिथला समुद्र बघून मी जरा चक्रावलो. ऑकलंडजवळचा आमचा पीहाचा समुद्र म्हणजे काळी वाळू आणि अंगावर धावून येणाऱ्या लाटा, पोहायला गेलेल्या माणसाची घरी काळजी लागते. हा परातीत ओतून ठेवल्यासारखा. तळाचे दगड मोजून घ्यावेत इतका स्वच्छ. टोनी कठड्याला धरून उभा होता. एरवी याचं तोंड मिटत नाही. बेट दिसायला लागलं तेव्हा तो टोपी काढून हातात घेऊन उभा राहिला.

वेला लुका नावाच्या बंदरात उतरलो. मी दोन बॅगा ओढतोय, टोनी काठी टेकत पुढे, आणि कचऱ्याच्या डब्यावर तो बसला होता. कावळा. डोकं काळं, पंख काळे, अंग राखाडी. आपल्याकडच्यापेक्षा जरा थोराड, राखाडी रंग जरा जास्त, पण मान वाकडी करून एका डोळ्यानं बघायची तऱ्हा अगदी तीच. मी बॅगा सोडल्या आणि भर रस्त्यात हात जोडले.

एक बॅग उतारावरून चालायला लागली. टोनी ओरडला, "मेट! कावळा आहे तो, बिशप नाही!"

फ्रांकाचं घर

टोनीचं गाव बेटाच्या मधोमध. नाव मला अजून नीट म्हणता येत नाही, म्हणून लिहीत नाही. सगळी घरं दगडी, दगडाच्याच भिंतींनी बांधून काढलेले द्राक्षमळे, मधे सुरूसारखी उंच काळपट झाडं. माती आपल्याकडच्या महाबळेश्वरसारखी तांबडी. ती बघून बरं वाटलं.

फ्रांका दारात उभी होती. टोनीची बहीण, त्याच्याहून थोडी धाकटी, डोक्यापासून पायापर्यंत काळ्या कपड्यांत. नवरा गेल्यापासून तिनं दुसरा रंग अंगाला लावलेला नाही. तिनं टोनीचं तोंड दोन्ही हातांत धरलं, नीट न्याहाळलं आणि फाडकन एक थप्पड मारली. मग मिठी मारून रडायला लागली.

"थप्पड कशाबद्दल?" मी नंतर विचारलं.

"उशीर केला म्हणून."

"बॉर्डर बंद होत्या ते सांगितलं नाहीस?"

"सांगितलं. म्हणाली, त्याच्याआधी वीस वर्षं उघड्या होत्या."

तिच्या स्वयंपाकघरात एक लांब टेबल. त्यावर चकचकीत शेवयांसारखा पण जाड, हातानं वळलेला एक प्रकार, मटणाच्या रश्श्यात घोळलेला. चवळाईसारखी कसली तरी पालेभाजी बटाट्यात घोटून वर ऑलिव्हचं तेल. भाजीला ना फोडणी ना मिरची, तरी चव होती, हे कबूल करतो. फ्रांकानं खुर्ची ओढली आणि मला म्हणाली, "सिदी!"

त्यांच्या भाषेतला मी शिकलेला पहिला शब्द. सिदी म्हणजे बस.

मी ताटली उचलली आणि खिडकीपाशी उभा राहून खायला लागलो. फ्रांका चुलीपाशी उभी, कारण पाहुणे जेवेपर्यंत ती बसत नाही. मधे टेबलावर टोनी एकटा.

"तुम्ही दोघंही उभे," तो म्हणाला. "मला वाटतंय मीच लग्नातला नवरदेव."

फ्रांकाचं तोंड मात्र उतरलं होतं. पाहुणा बसत नाही म्हणजे त्याला घर आवडलं नाही, असं त्यांच्याकडे धरतात. टोनीनं माझी पाठ धरल्याची थाप मारली. तिनं कुठल्याशा पाल्याचं तेल आणून दिलं. ते मी पाठीला चोळलंही. काय करणार?

बोलायला काहीतरी हवं म्हणून मी म्हटलं, "तिला सांग, आमची बायकोही अशीच. मी जेवल्याशिवाय हिनं कधी घास घेतला नाही. हजारदा सांगितलं, तू बस, माझं मी वाढून घेतो. ऐकेल तर शपथ. मनू म्हणायची, आई, हे न्यूझीलंड आहे. तर म्हणायची, भूक तीच आहे ना?"

टोनीनं सांगितलं. फ्रांका ऐकत राहिली. बायको कुठे आहे असं तिनं हातानं विचारलं. मी वर बोट केलं. तिनं कपाळापासून छातीपर्यंत बोटांनी क्रूस काढला आणि माझ्या ताटलीत आणखी एक डाव रस्सा घातला.

मळा

दुसऱ्या दिवशी फ्रांका चर्चला गेल्यावर मी तिच्याच पातेल्यात भात शिजवला. केळीचं पान नाही, अंजिराचं घेतलं. भाताची मूद, वर काळे तीळ, आणि परसातल्या दगडी भिंतीवर पान ठेवून लांब उभा राहिलो. एक मांजर आली. तिनं हुंगलं, तीळ पंजानं बाजूला काढले आणि भात खाल्ला. एवढी चोखंदळ मांजर मी बघितली नाही. त्याच्या पुढच्या दिवशी हौदाच्या छपरावर ठेवलं. कोंबड्या वर कशा चढल्या देव जाणे.

कावळे गावात फिरकतच नव्हते. ते होते मळ्यात, कारण द्राक्षं तिथे होती. काढणीचे दिवस. घड असे लटकलेले, पिवळसर, उन्हात आतली बी दिसेल असे. मी टोनीबरोबर मळ्यात गेलो आणि माझी अडचण मला कळली. फ्रांकाच्या मुलानं, यूरेनं, जुन्या सीडी दोऱ्यांना बांधून सगळ्या ओळींवर लटकवल्या होत्या. त्या वाऱ्यानं फिरून डोळे दिपवायच्या. एका टोकाला कुत्रा. आणि काळ्या कपड्यातली फ्रांका पातेल्यावर डाव बडवत बांधावरून फिरत होती. एक कावळा दिसला की तिच्या तोंडून काय काय निघायचं! भाषा कळत नव्हती, पण शिव्या कुठल्याही भाषेतल्या कळतात.

अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून मी कावळ्यासाठी आलो, आणि उतरलो कुणाच्या घरी, तर कावळ्यांच्या हाडवैरिणीच्या.

तिथे बांधाच्या फटीतून एक मुंगूस बाहेर आलं. मी डोळे चोळले. लहानपणी मुंगूस दिसलं की आम्ही त्याच्यामागे धावायचो, त्यानं तोंड दाखवलं की दिवस चांगला जातो म्हणून. युरोपात मुंगूस? टोनी म्हणाला, "तुमच्याकडचंच आहे ते. फार पूर्वी शेजारच्या बेटावर साप माजले, तेव्हा हिंदुस्थानातून आणून सोडली, मग इथेही. साप संपले, ही राहिली. आता कोंबड्या खातात."

मुंगसानं थांबून माझ्याकडे नीट बघितलं. मीही बघितलं. मला मनूनं निदान विचारलं तरी होतं, अण्णा, न्यूझीलंडला येता का म्हणून. याला कोणी विचारलं होतं?

त्यानं तोंड दाखवलं म्हणून मला धीर आला. फ्रांका दुसऱ्या टोकाला गेलेली बघून मी डब्यातला भात काढला, पान बांधावर मांडलं आणि मागे सरलो. तेवढ्यात पातेल्याचा आवाज थांबला. वळून बघतो तर ती समोर. तिनं पान बघितलं, भात बघितला, झाडावरचे कावळे बघितले, मला बघितलं. आणि तिनं तोंड सोडलं.

टोनी लंगडत आला. "ती म्हणते, काढणीच्या दिवसांत माझ्याच मळ्यात कावळ्यांना जेवण घालतोस? तुला वेड लागलंय की माझ्याशी दावा आहे?"

"सांग तिला."

"काय सांगू?"

"खरं ते सांग. पाठदुखीचं नको."

टोनी द्राक्षाच्या क्रेटवर बसला आणि त्यानं सांगितलं. बराच वेळ सांगत होता. मधे 'शालन' ऐकू आलं, 'व्राना' ऐकू आलं, म्हणजे कावळा. दवाखान्याबाहेरच्या गाडीचंही सांगितलं असावं, कारण त्यानं स्टिअरिंग धरल्यासारखे हात केले. फ्रांकाचा डाव खाली आला. मग तिनं टोनीला काहीतरी विचारलं.

"ती म्हणते, बायकोला जेवायला घालायचं तर घरात बोलव. कावळा कशाला?"

"घरात ती येऊ शकत नाही. कावळ्याला येता येतं."

हे त्यानं कसं सांगितलं माहीत नाही.  पदरासारखं पुढे बांधलेलं फडकं फ्रांकानं तोंडावरून फिरवलं. मग हळू आवाजात जे म्हणाली ते टोनीनं मला सांगितलं, आमच्या इथेही त्या दिवसांत माणसं अशीच पुरली. माझी जाऊ स्प्लिटला गेली. शवपेटीला कोणाचे ओठ लागले नाहीत.

मग पातेलं बगलेत मारून निघून गेली. मला वाटलं, संपलं.

बांधावर

सकाळी मळ्यात पोचलो तर कुत्रा घरीच बांधलेला. यूरे शिडीवर चढून बांधाजवळच्या दोन ओळींवरच्या सीडी सोडवत होता. तोंडानं कुरकुर चाललेली.

"काय म्हणतोय?" मी टोनीला विचारलं.

"म्हणतोय, आई पन्नास वर्षं कावळ्यांवर दगड मारते आणि आज त्यांना पाहुणे म्हणून बोलावते."

पातेलं दिसत नव्हतं. काढणीला आलेली शेजारपाजारची माणसं होती, एरवी गात-ओरडत काम करणारी. आज कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. फक्त कात्र्यांचा कटकट आवाज. पिकलेली द्राक्षं उघडी टाकून ही माणसं माझ्या बायकोसाठी गप्प होती. एकानंही तिला कधी बघितलेलं नव्हतं.

बांधावर पान मांडलं. आज फ्रांकानं स्वतः भाताशेजारी एक भाजलेली तारली ठेवली. टोनीकडून विचारून घेतलं होतं तिनं, शालनला काय आवडायचं. शालन अलिबागकडची, मासळीशिवाय तिचं पान हलत नसे. पक्षाच्या घासात मासळी चालते की नाही याचा मी विचार केला नाही. भटजी फोनवर नव्हते.

समोर चिंचेसारख्या शेंगांचं एक मोठं झाड. त्यावर तीन-चार कावळे. मी हात जोडून उभा राहिलो आणि बोलायला लागलो. मराठी कोणाला कळत नव्हती, तेव्हा लाज वाटायचं कारण नव्हतं.

"शालन, कढीपत्त्याची कुंडी थंडीत आत घेईन. गेल्या थंडीत राहिली होती, पण जगली आहे ती."

कावळा फांदीवर सरकला.

"इराशी मराठीतच बोलेन. तिनं कुठल्याही भाषेत उत्तर देऊ दे."

त्यानं चोच फांदीला पुसली.

"मनूला टोचून बोलणार नाही. तुझ्या बहिणीला फोन करीन. ती बाई मला सहन होत नाही, तरी करीन. बीपीच्या गोळ्या चालू आहेत. दवाखान्यात मी आत आलो नाही, कारण सोडत नव्हते. आणखी काय गं? सांग ना."

एक कावळा खाली उतरला. बांधावर, पानापासून हातभर. उड्या मारत दोनदा जवळ आला, थांबला, माझ्याकडे एक डोळा करून बघितलं आणि परत झाडावर गेला.

मी उभाच. ऊन डोक्यावर यायला लागलं. मागे कात्र्या थांबल्या होत्या. त्यांची न्याहारी असते ना मळ्यातली, तिची वेळ झाली होती. फळ्या टाकून केलेल्या टेबलावर तारल्या, पाव, टोमॅटो, पाणी घातलेली वाइन, सगळं मांडून तयार. माणसं बाकांवर बसलेली, पण कोणी हात लावत नव्हतं. पहाटेपासून राबलेली माणसं. एका म्हातारबुवांनी पावाकडे हात नेला, तर फ्रांकानं चापट मारली.

टोनी म्हणाला, "मेट, तू बसल्याशिवाय ही कोणाला खाऊ देणार नाही."

"त्यांना सांग खायला. मला नाही बसता येत. तो शिवल्याशिवाय मी बसायचं नसतं."

टोनीनं सांगितलं. फ्रांका उठून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. कमरेवर हात. आणि शाळेतल्या मुलाला सांगावं तसं एकेक शब्द तोडून बोलली.  टोनी म्हणाला,

"ती विचारते, तूच म्हणाला होतास ना, तुझ्याआधी ती कधी जेवली नाही? मग आज कशी जेवेल?"



"सिदी," फ्रांका म्हणाली. या वेळी हळू.

मी गेलो आणि बाकावर बसलो, बांधाकडे पाठ करून.  समोर ताटली आली. तारली हातानं सोडवली, काटा काढला, पावाचा तुकडा तेलात बुडवला आणि पहिला घास घेतला. मीठ जास्त होतं, की माझ्याच डोळ्यांचं होतं, कोण जाणे. दुसरा घास घेतला. मग सगळे खायला लागले. भांडी वाजली, कोणीतरी हसलं, वाइनचा जग फिरला. फ्रांका माझ्यासमोर उभी होती. बसली नव्हतीच.

आणि मग एकेकाचं चावणं थांबलं. आधी यूरेचं, मग त्या म्हातारबुवांचं. सगळ्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली. फ्रांकाचा हात तोंडाशी गेला. टोनी माझ्या कानाशी पुटपुटला, "व्राना."

कोणी उभं राहून टक लावून बघत नाही म्हटल्यावर पाखरू खाली येणारच, हे मलाही कळतं. यूरेनं तसं म्हटलंही नंतर. म्हणू दे.

मागे पानाची सळसळ ऐकू येत होती. मी वळलो नाही. शालन जेवायची ती ओट्याकडे तोंड करून, पाठमोरी. जेवताना कोणी बघितलेलं तिला आवडायचं नाही. मी माझं जेवत राहिलो. आवाज थांबेपर्यंत जेवत राहिलो, आणि फ्रांका वाढत राहिली.

मग मी बाकावर जरा सरकलो, शेजारची जागा हातानं झाडली आणि तिला म्हटलं, "सिदी."

सगळे हसले. ती लाजली, त्या वयात. आणि बसली.

परत

टोनी तिथेच राहिला. म्हणाला, मला मुलंबाळं नाहीत, हेन्डरसनचं घर विकायची घाई कोणाला? फ्रांकानं त्याला कावळे हाकायच्या कामाला लावलंय. फोनवर मागून पातेल्याचा आवाज येतो. बॅगा मला एकट्यालाच ओढायच्या होत्या, त्यातली एक त्यानं सुक्या अंजिरांनी भरून दिली आणि ऑकलंडच्या विमानतळावर ती अंजिरं दारातच काढून घेतली. मी आधीच उघडून उभा होतो.

घरी आलो त्या संध्याकाळी मनूनं सवयीनं माझी ताटली सिंकपाशी ठेवली. मी ती उचलली आणि टेबलापाशी गेलो. "इरा, सरक जरा," म्हटलं.

"ओके," ती म्हणाली, मग वर बघितलं आणि पुढचं मराठीत म्हणाली, "आजोबा, बसतोयस?"

मनू तव्यापाशी उभी होती. तिनं वळून बघितलं आणि पोळी उलटत राहिली.

"मनू, तूही ये."

"तुम्ही जेवा अण्णा, मी मागून बसते. पोळ्या गार होतील."

"होऊ देत," मी म्हटलं आणि शेजारची खुर्ची ओढली.